हप्त्याची तारीख ठरलेली, विकासाची नाही

धाराशिव जिल्ह्यातील अणदूरचा खंडोबा वर्षातील सव्वादहा महिने अणदूर येथे आणि पावणेदोन महिने नळदुर्गजवळच्या मैलारपूर येथे मुक्कामास असतो. मूर्ती एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेताना दोन्हीकडच्या मानकऱ्यांमध्ये लेखी करार होतो. मुक्काम किती दिवसांचा आणि परत केव्हा, हे आधी कागदावर ठरते आणि मगच पालखी उठते. देवाच्या बाबतीतही मुदतीचा कागद करणाऱ्या या परिसरात जमिनीसाठी घेतल्या जाणाऱ्या कर्जाचा विचार मात्र अनेकदा मुदतीचा हिशेब न करताच होतो, ही विसंगती लक्षात घेण्यासारखी आहे.

पुणे-सोलापूर-हैदराबाद या राष्ट्रीय महामार्गावरील (जुना क्रमांक ९, आताचा ६५) अणदूर हे तुळजापूर तालुक्यातील मोठे गाव. महामार्गालगतच्या अशा गावांमध्ये गेल्या काही वर्षांत शेतीचे तुकडे पाडून प्लॉट विकणे, रस्त्याकडेला गाळे बांधणे आणि 'पुढे भाव येईल' म्हणून जागा घेऊन ठेवणे हा व्यवहार सर्वत्र वाढला. शिक्षक, ग्रामसेवक, छोटे व्यापारी, पुण्या-मुंबईत नोकरी करणारी गावची मुले आणि चार पैसे हाती आलेले बागायतदार हे या बाजारातील गुंतवणूकदार. त्यांना कोणी 'रिअल इस्टेट इन्व्हेस्टर' म्हणत नाही आणि तेही स्वतःला तसे समजत नाहीत. परंतु स्वतःच्या राहण्यासाठी नव्हे, तर भाववाढीसाठी किंवा भाड्यासाठी कर्ज काढून जागा घेणारा प्रत्येक जण त्या अर्थाने गुंतवणूकदारच होय. मोठ्या शहरातील विकसकाला लागू असलेले कर्जाचे नियम त्यालाही तितक्याच कठोरपणे लागू होतात. फरक एवढाच, की विकसक बुडाला तर बातमी होते आणि हा बुडाला तर त्याचे शेत जाते.

फेब्रुवारी २०२५ पासून रिझर्व्ह बँकेने रेपो दर टप्प्याटप्प्याने कमी करीत डिसेंबर २०२५ मध्ये तो ५.२५ टक्क्यांवर आणला. नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्य सरकारने तुकडेबंदी कायद्यात सवलत देणारा अध्यादेश काढला. तुळजापूरमार्गे जाणाऱ्या रेल्वेची आणि शक्तिपीठ महामार्गाची चर्चा आहेच. कर्ज स्वस्त, कायदा सैल आणि विकास दाराशी, असे चित्र एकाच वेळी उभे राहिले की जागा घेण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. म्हणूनच या तिन्ही गोष्टींची स्वतंत्रपणे तपासणी होणे अगत्याचे आहे.

तीन दिनदर्शिका

कर्ज घेऊन जमीन घेणाऱ्याच्या घरात एकाच वेळी तीन दिनदर्शिका चालू असतात. पहिली बँकेची. तिच्यात महिन्याची एक तारीख लाल शाईने लिहिलेली असते आणि ती कधीही चुकत नाही. दुसरी शेतीची. सोयाबीन असो, ऊस असो वा द्राक्ष, पैसा वर्षातून एकदा किंवा दोनदा येतो आणि तोही पावसाच्या मर्जीवर. सप्टेंबर २०२५ मधील अतिवृष्टीने मराठवाड्यात, विशेषतः धाराशिव जिल्ह्यात, काय हाहाकार उडविला हे ताजे आहे. तिसरी दिनदर्शिका विकासाची. तिच्यावर भूमिपूजनाची तारीख असते, पण पूर्णत्वाची नसते.

तिसऱ्या दिनदर्शिकेची उदाहरणे दूर शोधावी लागत नाहीत. सोलापूर ते कर्नाटक सीमेपर्यंतच्या महामार्गाचे चौपदरीकरण वर्षानुवर्षे रेंगाळले, हे या रस्त्याने प्रवास करणाऱ्या कोणालाही सांगावे लागणार नाही. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव रेल्वेमार्गाची पायाभरणी पंतप्रधानांच्या हस्ते ९ जानेवारी २०१९ रोजी सोलापुरात झाली. २०२५ हे वर्ष संपेपर्यंत या मार्गावर गाडी धावलेली नव्हती. नागपूर ते गोवा असा सुमारे ८०२ किलोमीटरचा शक्तिपीठ महामार्ग तुळजापूरला जोडणार असे जाहीर झाले. त्याला कोल्हापूरसह अनेक जिल्ह्यांत शेतकऱ्यांचा विरोध झाला, २०२४ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यापुरती भूसंपादनाची अधिसूचना मागे घेण्याची वेळ सरकारवर आली आणि जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने भूसंपादन व नियोजनासाठी २० हजार ७८७ कोटी रुपयांच्या तरतुदीला मान्यता दिली. हे प्रकल्प होणार नाहीत असे येथे सुचवायचे नाही. मुद्दा एवढाच आहे, की प्रकल्पाला सहा वर्षांचा उशीर झाला तरी सरकारला तो परवडतो. त्या प्रकल्पाच्या भरवशावर ११ टक्क्यांनी कर्ज घेणाऱ्याला तो परवडत नाही.

एक साधा हिशेब पाहू. हे उदाहरण कल्पित आहे, पण त्यातील आकडे नेहमीच्या व्यवहारातले आहेत. दहा लाख रुपयांचा प्लॉट घेण्यासाठी एखाद्याने पदरचे तीन लाख घातले आणि सात लाखांचे कर्ज ११ टक्के व्याजाने दहा वर्षांसाठी घेतले. त्याचा मासिक हप्ता सुमारे ९ हजार ६४० रुपये पडतो. पाच वर्षांत तो बँकेत सुमारे ५ लाख ७८ हजार रुपये भरतो. त्यातील सुमारे ३ लाख २२ हजार रुपये केवळ व्याजाचे असतात आणि पाच वर्षांनंतरही ४ लाख ४३ हजारांचे मुद्दल शिल्लक राहते. मुद्रांक शुल्क, नोंदणी, मोजणी, मध्यस्थाची दलाली असे साठ हजार रुपये धरले, तर हा प्लॉट पाच वर्षांनी १३ लाख ८० हजारांना विकला गेला तरच त्याला ना नफा ना तोटा. म्हणजे भाव ३८ टक्क्यांनी वाढला तर शेजारीपाजारी म्हणतील की याने चार लाख कमावले. प्रत्यक्षात त्याच्या हाती काहीच आलेले नसेल. स्वतःच्या तीन लाखांवर बुडालेले ठेवीचे व्याज यात धरलेलेच नाही.

मोकळा प्लॉट हप्ता भरीत नाही. हप्ता भरतो तो पगार, दुकान किंवा शेती. म्हणून प्लॉटसाठी कर्ज किती घ्यावे याचे उत्तर प्लॉटच्या भावात नसून घरच्या मासिक शिलकीत आहे. ही शिल्लक मोजताना सुगीचा महिना धरायचा नाही, तर सर्वांत ओढगस्तीचा महिना धरायचा.

स्वस्त झालेले कर्ज कोणाचे?

रेपो दर कमी झाला म्हणजे आपला हप्ता कमी झाला, असा समज सर्वत्र आढळतो. तो अर्धाच खरा आहे. १ ऑक्टोबर २०१९ पासून व्यापारी बँकांना घरांची व अन्य किरकोळ कर्जे रेपोसारख्या बाह्य निकषाशी जोडणे बंधनकारक झाले. या बँकांकडून घेतलेल्या बदलत्या दराच्या कर्जाला दरकपातीचा लाभ मिळतो. ग्रामीण बँका, सहकारी बँका, पतसंस्था आणि वित्त कंपन्या यांना हे बंधन नाही. अणदूरसारख्या गावातील जागेच्या व्यवहारात मोठ्या बँकेपेक्षा याच संस्थांचे कर्ज अधिक सहजी मिळते. कारण मोठी बँक कागदपत्रांत त्रुटी काढते आणि पतसंस्थेचा संचालक घरचा ओळखीचा असतो. परिणामी ज्याला स्वस्त कर्जाची सर्वाधिक गरज आहे, त्याच्यापर्यंत मुंबईत जाहीर झालेली दरकपात पोहोचतेच असे नाही.

ज्यांच्यापर्यंत ती पोहोचते त्यांनीही २०२२-२३ चा अनुभव विसरता कामा नये. मे २०२० मध्ये ४ टक्क्यांवर आलेला रेपो दर मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या अवघ्या दहा महिन्यांत अडीच टक्क्यांनी वाढून ६.५० झाला. सात टक्के दराने वीस वर्षांसाठी वीस लाखांचे कर्ज घेतलेल्याचा हप्ता सुमारे १५ हजार ५०० रुपये होता. दर साडेनऊ टक्के होताच त्या कर्जाचे नुसते व्याजच महिन्याला १५ हजार ८०० च्या पुढे गेले. म्हणजे हप्ता नियमित भरूनही कर्ज कमी होण्याऐवजी वाढू लागले! बँकांनी हप्ता तोच ठेवून मुदत वाढविली आणि अनेकांना त्याचा पत्ताही लागला नाही. अखेर ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेला आदेश काढावा लागला, की दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे ठरविण्याचा पर्याय कर्जदाराला द्यावा आणि व्याजही न भागणारा हप्ता ठेवू नये.

यातून घ्यायचा धडा सरळ आहे. कर्ज घेताना आजच्या दराने हप्ता झेपतो का, एवढेच पाहून भागत नाही. दर अडीच टक्क्यांनी वाढला तरी झेपेल का, हे पाहिले पाहिजे. आणि दर उतरलेले असताना बँक हप्ता कमी करून देऊ लागली, तर शक्य असल्यास जुनाच हप्ता चालू ठेवावा. त्यातील प्रत्येक जादा रुपया थेट मुद्दलात जातो. व्यक्तींनी व्यवसायेतर कारणासाठी घेतलेल्या बदलत्या दराच्या कर्जावर मुदतपूर्व फेडीचा आकार बँकांना आधीपासूनच लावता येत नाही. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर वा नूतनीकृत होणाऱ्या कर्जांसाठी व्यापारी बँकांच्या बाबतीत ही सवलत व्यक्तींच्या आणि सूक्ष्म व लघु उद्योगांच्या व्यवसाय कर्जांनाही लागू करण्यात आली आहे. पीक चांगले आले, बोनस मिळाला की मुद्दलात टाकण्याची सवय ही सर्वांत स्वस्त विमा पॉलिसी होय.

एक नियम मात्र अनेकांना ठाऊक नसतो. बँका व्यक्तींना प्लॉट खरेदीसाठी कर्ज देतात ते ठरावीक मुदतीत त्यावर घर बांधण्याचे लेखी आश्वासन घेऊन. 'घेऊन ठेवू, भाव आला की विकू' या हेतूसाठी ते कर्ज नसतेच. घराच्या कर्जातही तीस लाखांपर्यंत किमतीच्या नव्वद टक्के ही कमाल मर्यादा आहे आणि मुद्रांक शुल्क व नोंदणीचा खर्च, अल्प किमतीच्या घरांचा अपवाद सोडता, त्या किमतीत धरला जात नाही. म्हणून पदरची रक्कम हवीच. ती नसली की माणूस दुसऱ्या कर्जाकडे वळतो आणि खरी घसरण तेथून सुरू होते.

कर्जावर कर्ज

पदरच्या रकमेसाठी सोने गहाण पडते. पीककर्ज उचलून ते प्लॉटच्या इसाऱ्यात जाते. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज वेळेत फेडल्यास राज्यात व्याजाचा भार पडत नाही, ही सवलत शेती उभी करण्यासाठी आहे. ते पैसे जमिनीच्या सट्ट्यात अडकले, तर जूनअखेरीस फेड होत नाही, सवलत जाते आणि पुढच्या पेरणीला बी-खताला पैसा उरत नाही. २०१७ आणि २०१९ च्या कर्जमाफ्या शेतीकर्जापुरत्या होत्या. प्लॉटसाठी वा गाळ्यांसाठी घेतलेले कर्ज त्यांत बसले नाही, आणि पुढेही बसेल अशी आशा धरून चालणे आत्मघातकी ठरेल.

शेवटचा पर्याय खासगी सावकाराचा. 'शेकडा तीन' हा शब्दप्रयोग ऐकायला सौम्य वाटतो. परंतु तो दरमहाचा असतो आणि वर्षाला ३६ टक्के होतो. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार परवानाधारक सावकारालाही बिगरशेती कर्जावर तारण असल्यास १५ व तारण नसल्यास १८ टक्के, तर शेतीकर्जावर अनुक्रमे ९ व १२ टक्के यांपेक्षा अधिक वार्षिक व्याज घेता येत नाही. प्रत्यक्षात कर्जाचा कागद होतच नाही. तारण म्हणून जमिनीचे थेट खरेदीखत करून घेतले जाते आणि 'पैसे परत केले की उलटून देऊ' असा तोंडी शब्द दिला जातो. बेकायदा सावकारीत गेलेली जमीन परत मिळविण्यासाठी याच कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकांकडे दाद मागता येते आणि मागील पंधरा वर्षांतील व्यवहार तपासता येतात. पण ते सिद्ध करणे हा दीर्घ लढा असतो. जमीन विकत घेण्यासाठी निघालेला माणूस होती ती जमीन गमावून बसतो, असे या साखळीचे टोक आहे.

जामीनदाराचा प्रश्न याहून गंभीर. सहकारी संस्थेच्या कर्जाला दोन जामीनदार लागतात आणि मैत्रीखातर सही देण्याची आपल्याकडे रीत आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या १२८ व्या कलमानुसार, करारात वेगळे ठरले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. संस्था आधी कर्जदाराकडे जाईल आणि मग आपल्याकडे येईल, ही समजूत चुकीची आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या १०१ व्या कलमाखाली वसुली दाखला मिळाला की जामीनदाराच्या पगारालाही कात्री लागू शकते. दुसऱ्याच्या प्लॉटच्या भाववाढीत जामीनदाराचा काडीचाही वाटा नसतो. तोट्यात मात्र तो पूर्ण भागीदार असतो.

बँक बुडाली, कर्ज नाही

आर्थिक संस्था अडचणीत आली की कर्जदारांमध्ये एक विचित्र निश्चिंतता पसरते. रिझर्व्ह बँकेने ११ जानेवारी २०२१ रोजी उस्मानाबादच्या वसंतदादा नागरी सहकारी बँकेचा परवाना रद्द केला. अशा वेळी बँकेचे ठेवीदार पाच लाखांपर्यंतच्या ठेव विम्याकडे धाव घेतात. पतसंस्थेच्या ठेवींना तर हा विमाही नाही. पण कर्जदाराचे काय? बँक बंद झाली तरी कर्ज हे बँकेचे येणे असते आणि ते वसूल करण्यासाठीच अवसायक नेमला जातो. हप्ता भरण्याची खिडकी बंद असते, व्याज मात्र चालू राहते. अशा काळात भरलेल्या प्रत्येक रकमेची पावती जपणे आणि अवसायकाशी लेखी संपर्क ठेवणे हाच शहाणपणा.

कर्ज थकले तर काय घडते, याचे वेळापत्रकही माहीत असावे. नव्वद दिवस हप्ता थकला की कर्ज अनुत्पादक ठरते. त्यानंतर सरफेसी कायदा, २००२ खाली साठ दिवसांची नोटीस देऊन बँक न्यायालयात दावा न लावता तारण मालमत्तेचा ताबा घेण्याची कारवाई करू शकते. सहकारी बँकांनाही हा कायदा वापरता येतो, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने मे २०२० मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील मुरगूडच्या एका सहकारी बँकेशी संबंधित प्रकरणात दिला. शेतजमीन या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. अकृषिक झालेला प्लॉट त्या कक्षेत येतो. म्हणजे ज्या परवान्यामुळे प्लॉटला भाव येतो, त्याच परवान्यामुळे तो लिलावाच्याही टप्प्यात येतो!

हे केवळ लहान माणसाचे दुखणे नाही. २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले तेव्हा तिच्या कर्जांचा बहुतांश भाग एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहात अडकलेला निघाला आणि हजारो ठेवीदारांच्या आयुष्याची पुंजी गोठली. चीनमधील एव्हरग्रांद या कंपनीने तीनशे अब्ज डॉलरहून अधिक देणी उभी करून जमिनी घेतल्या, २०२१ मध्ये ती परतफेडीत चुकली आणि २९ जानेवारी २०२४ रोजी हाँगकाँगच्या न्यायालयाने ती अवसायनात काढण्याचा आदेश दिला. तिच्याकडे जमीन कमी नव्हती. देणी भागवायची होती तेव्हा तेवढ्या किमतीला घेणारा गिऱ्हाईक नव्हता. अणदूरचा एक गुंठा असो की चीनमधील हजारो एकर, जमीन ही संपत्ती आहे, रोकड नव्हे, हा नियम दोन्हीकडे सारखाच.

कागद कच्चा तर कर्ज महाग

जमिनीच्या कागदपत्रांचा विचार लोक मालकीच्या दृष्टीने करतात. तो कर्जाच्या दृष्टीनेही करायला हवा. कागद पक्का असेल तर मोठी बँक कमी दराने कर्ज देते, पुढे दुसऱ्या बँकेत कर्ज हलविता येते आणि अडचणीत जागा विकायची झाल्यास गिऱ्हाईकालाही कर्ज मिळते. कागद कच्चा असेल तर हे तिन्ही दरवाजे बंद होतात. मग उरतो तो महागडा पैसा.

मराठवाड्यात ही काळजी दुप्पट घ्यावी लागते. निजामकाळापासूनच्या इनाम, देवस्थान व मदतमाश जमिनी येथे मोठ्या प्रमाणावर आहेत. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग दोन अशी नोंद असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीविना तिचा व्यवहार अंगाशी येतो. शेतजमीन घेणारा स्वतः शेतकरी असावा, ही अट येथे हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५० नुसार लागू होते. ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेनुसार बागायतीसाठी दहा गुंठे व जिरायतीसाठी वीस गुंठे हे प्रमाणभूत क्षेत्र आहे. त्यामुळे शेतीतील एक-दोन गुंठ्यांचे तुकडे 'बाँडवर' विकण्याची पद्धत पडली. नुसत्या मुद्रांक कागदावरील करारनाम्याने किंवा मुखत्यारपत्राने मालकी हस्तांतरित होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सूरज लॅम्प प्रकरणात २०११ मध्येच स्पष्ट केले आहे. अशा प्लॉटवर बँक कर्ज देत नाही. मग घेणारा वैयक्तिक कर्ज किंवा पतसंस्थेचे कर्ज काढतो आणि पक्क्या जागेपेक्षा कच्च्या जागेसाठी अधिक व्याज मोजतो!

२०२५ च्या अध्यादेशाने १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ या काळातील तुकड्यांचे व्यवहार, नागरी क्षेत्रांत तसेच आराखड्यांनुसार अकृषिक वापराच्या ठरलेल्या क्षेत्रांत, विनाशुल्क नियमित करण्याची वाट मोकळी केली. अडकलेल्यांना हा मोठा दिलासा आहे. परंतु ही सवलत झालेल्या व्यवहारांसाठी आहे, उद्याच्या व्यवहारांसाठी नाही. आपला गट तिच्या कक्षेत येतो का, हे तहसील कार्यालयातून लेखी कळेपर्यंत 'आता सगळे कायदेशीर झाले' या मध्यस्थाच्या शब्दावर इसार देऊ नये. तुकडेबंदीचा दोष गेला, तरी रस्ता नसणे, मोजणी नसणे, वारसांच्या सह्या नसणे हे दोष तसेच राहतात.

भाडे ठरवील तेवढेच कर्ज

मग कर्ज काढून गुंतवणूक करूच नये काय? तसे नव्हे. महामार्गावरील गावात गाळे, गोदाम, खोल्या यांना मागणी असते आणि उत्पन्न देणाऱ्या जागेसाठी घेतलेले कर्ज हे प्लॉटवरील कर्जापेक्षा मुळातच वेगळे असते. मात्र येथेही कर्जाचा आकार जागेच्या किमतीवरून नव्हे, तर भाड्यावरून ठरला पाहिजे.

समजा, पाच गाळे बांधले आणि प्रत्येकी पाच हजार रुपये भाडे अपेक्षित आहे. कागदावर महिना पंचवीस हजार होतात. पण पाचांतला एक गाळा बहुधा रिकामा राहील असे धरावे. उरले वीस हजार. घरपट्टी, दुरुस्ती, रंगरंगोटी यांचे दोन हजार वजा केले की हाती अठरा हजार. बँका ज्याला कर्जफेडीची क्षमता म्हणतात, त्या हिशेबाने निव्वळ उत्पन्न हप्त्याच्या किमान सव्वापट असावे. म्हणजे हप्ता चौदा हजार चारशेपेक्षा अधिक नको. दहा टक्के दराने दहा वर्षांसाठी एवढ्या हप्त्यात सुमारे अकरा लाखांचेच कर्ज बसते. जागा चाळीस लाखांची आहे म्हणून बँकेने वीस लाख देऊ केले आणि ते घेतले, तर हप्ता २६ हजार ४३० होतो आणि दरमहा आठ हजारांहून अधिक रक्कम घरखर्चातून घालावी लागते. बँक किती देते हा बँकेच्या तारणाचा प्रश्न आहे. आपण किती घ्यावे हा आपल्या भाड्याचा प्रश्न आहे. या दोन आकड्यांतील अंतरातच बहुतेकांची झोप उडते.

करांचाही विचार आधीच व्हावा. भाड्याच्या इमारतीसाठीच्या कर्जाचे व्याज भाड्याच्या उत्पन्नातून वजा होते, मोकळ्या प्लॉटवरील कर्जाच्या व्याजाला अशी वार्षिक वजावट नाही. २३ जुलै २०२४ पासून दोन वर्षांहून अधिक काळ धारण केलेल्या मालमत्तेच्या दीर्घकालीन नफ्यावर १२.५ टक्के कर आहे आणि महागाई निर्देशांकाचा लाभ त्यात मिळत नाही. त्या तारखेपूर्वी घेतलेल्या जमीन व इमारतीसाठी निवासी व्यक्तींना निर्देशांकासह वीस टक्के हा पर्याय ठेवलेला आहे. वर केलेल्या प्लॉटच्या हिशेबात हा कर मिळविला, तर ना नफा ना तोट्याची रेषा आणखी वर सरकते.

अडचण आलीच तर

हप्ता थकण्याची चिन्हे दिसू लागली की माणूस दोन चुका करतो. एक तर तो बँकेला टाळतो, किंवा एका कर्जाचा हप्ता भरायला दुसरे कर्ज काढतो. योग्य क्रम याच्या उलट आहे. नव्वद दिवस उलटण्याआधी बँकेशी लेखी बोलणे करावे. मुदत वाढवून हप्ता कमी करून मागावा. अनेक जागा असतील तर जिच्यावर व्याज सर्वाधिक आणि उत्पन्न शून्य आहे, ती आधी विकावी. आपल्याकडे जमीन विकणे हे कमीपणाचे मानले जाते आणि त्यामुळे लिलावात अर्ध्या किमतीला जाईपर्यंत ती धरून ठेवली जाते. गुंतवणुकीचा प्लॉट ही वडिलोपार्जित काळी आई नव्हे. तो वेळेवर विकून घरची शेती वाचविणे यात नामुष्की नसून शहाणपण आहे. एकरकमी तडजोड हा शेवटचा उपाय. तिने वसुली थांबते, पण सिबिलच्या नोंदीत डाग राहतो आणि पुढचे कर्ज महागते.

कर्ज फिटल्यावरही काम संपत नाही. मूळ कागदपत्रे तीस दिवसांत परत न दिल्यास, विलंब संस्थेमुळे झाला असेल तर, दिवसाला पाच हजार रुपये भरपाई देण्याचा नियम रिझर्व्ह बँकेने १ डिसेंबर २०२३ पासून बँका व वित्त कंपन्यांना लागू केला आहे. ती परत घ्यावीत आणि तलाठ्याकडे अर्ज देऊन सातबाऱ्यावरील बोजाची नोंद फेरफाराने उतरवून घ्यावी. कर्ज फिटूनही वर्षानुवर्षे बोजा तसाच राहिल्याने ऐन विक्रीच्या वेळी व्यवहार मोडल्याचे अनुभव गावोगाव ऐकायला मिळतात.

रस्ते होतील, रेल्वेही येईल. तुळजापूर, नळदुर्ग, अणदूर या पट्ट्यातील जमिनीला आजच्यापेक्षा अधिक भाव येईल, असे मानायलाही जागा आहे. पण तो भाव कोणाच्या हाती पडेल, हे आजच्या कर्जावर ठरणार आहे. ज्याचा हप्ता त्याच्या उत्पन्नात बसतो, तो दहा वर्षे थांबू शकतो. ज्याचा बसत नाही, त्याला तिसऱ्याच वर्षी जागा सोडावी लागते आणि भाव येतो तेव्हा ती दुसऱ्याच्या नावावर असते. विकासाचा लाभ स्थानिकांना मिळत नाही, ही तक्रार आपण नेहमी ऐकतो. तिच्या कारणांमध्ये न झेपणारे कर्ज हेही एक कारण आहे. देवाच्या मुक्कामाचे दिवस मोजून कागद करणाऱ्या गावाला हे सांगण्याची वेळ येऊ नये, की पैसा घरी आणण्याआधीही त्याच्या परतीचा दिवस आणि वाट ठरलेली असली पाहिजे.